जिजींचा चांगला दात

दुकानांवरच्या पाट्या सगळेच वाचतात, पण पाटीवरचं अक्षरन् अक्षर खरं करून घेतल्याशिवाय जिला अन्न गोड लागत नाही अशी बाई सबंध सुरतेत एकच आहे, आणि ती नेमकी माझ्या ताईची सासू आहे. लिंबायत भागात सगळे त्यांना जिजी म्हणतात. कापडाच्या लूमवर कामाला आलेल्या नवऱ्यामागून त्या खानदेशातून इथे आल्या, त्यालाही आता जन्म लोटला. घरात अजून अहिराणी बोलतात, बाजारात गुजराती, आणि भांडायचं असलं की दोन्ही एकदम. त्यांचं म्हणणं एवढंच, की ज्यानं पाटी लावली त्यानं रस्त्याला शब्द दिला. "पाटी लाई ना? मंग तसा वाग!" 'चोवीस तास सेवा' लिहिणाऱ्या औषधवाल्याचं शटर त्यांनी भल्या पहाटे वाजवलं, तो डोळे चोळत बाहेर आला तेव्हा "काही नको बाबा, आहेस का ते पाहायला आले," म्हणून परत फिरल्या. शेगडी दुरुस्त करणाऱ्याला त्याच शेगडीवर चहा करून स्वतः प्यायला लावतात. रिक्षात बसण्याआधी नजर तपासायला रिक्षावाल्याला समोरच्या दुकानाची पाटी वाचून दाखवायला सांगतात. तो अडखळला तर दुसरी रिक्षा. मी उधन्याला एका साडीच्या दुकानात नोकरी करतो आणि आमच्या दुकानावर 'फिक्स रेट' अशी पाटी आहे. जिजी साडी घ्यायला येणार असं कळलं की आमचे शेठ तब्येतीचं कारण सांगून घरी निघून जातात.

अशा बाईची दाढ दुखावी आणि तिनं दातांच्या डॉक्टरची पाटी पाहून आत जावं, म्हणजे पुढचं रामायण ठरलेलंच. हा डॉक्टर सुरतीच, गोड बोलणारा, मनानं लोण्यासारखा. रात्रपाळी करून आलेला कारागीर गाल धरून दाराशी उभा राहिला तर सकाळचा चहा टाकून उठायचा. गल्लीचा जीव होता त्याच्यावर. पण मध्यंतरी त्यानं कडोदऱ्याला दुसरा दवाखाना काढला आणि लिंबायतच्या खुर्चीपाशी पांढरा कोट घालून त्याचा कंपाउंडर उभा राहू लागला. पाटीवर नाव डॉक्टरचं आणि पक्कड कंपाउंडरच्या हातात. त्यानं जिजींची दुखरी दाढ सोडली आणि तिच्या शेजारची, ठणठणीत, ऊस फोडायला उपयोगी पडणारी दाढ उपटून हातावर ठेवली.

दुसरी कुणी असती तर तिनं दवाखाना डोक्यावर घेतला असता. जिजींनी ती दाढ धुतली, पुसली, हळदीकुंकवाच्या रिकाम्या डबीत ठेवली आणि डॉक्टर कडोदऱ्याहून येईपर्यंत बाकावर बसून राहिल्या. डॉक्टरनं डबी उघडली आणि त्याचा चेहरा पडला. हात जोडून म्हणाला, "भूल थई गई, जिजी. नवो दात बेसाडी आपुं, एक पैसो नहीं लउं." जिजी म्हणाल्या, "मना तोंडनं ऱ्हाऊ दे. गल्लीना तोंडंसनं काय?" डॉक्टर म्हणाला, कंपाउंडरचा हात बसलेला आहे, एखाद्या वेळी होतं असं. तिथेच त्याचं चुकलं. जिजींनी मला बोलावून घेतलं आणि डॉक्टरांच्या परिषदेकडे तक्रार लिहायला बसवलं.

गल्ली उलटली. एवढ्या भल्या माणसाच्या पोटावर पाय देता, म्हणून बायका बोलेनाशा झाल्या. ताई सकाळी ओट्यावर आली की समोरची दारं लागायची. ताईनं रडून पाहिलं, भाऊजींनी रागावून पाहिलं. मीही म्हणालो, "जिजी, डॉक्टर चांगला माणूस आहे हो." त्या माझ्याकडे अशा पाहू लागल्या, जणू मीच पक्कड धरली होती. "चांगला शे म्हणीसन तर सांगी ऱ्हायनू. वाईट ऱ्हाता तर लोकं जाताच कसाले?" लोक डोळे मिटून ज्याच्यासमोर तोंड उघडतात, त्याच्यावरच डोळा ठेवावा लागतो, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

सुनावणीला मी त्यांच्यासोबत अहमदाबादला गेलो. डबी पिशवीत, पिशवी छातीशी. खोलीत लांब टेबल, टेबलामागे परिषदेचे तीन डॉक्टर, मधोमध चष्मा लावलेल्या अध्यक्षबाई. एका बाजूला आमचा डॉक्टर, मान खाली घालून, आणि त्याचा वकील. जिजींनी डबी उघडून टेबलावर ठेवली. अध्यक्षबाईंनी दाढ उलटसुलट करून पाहिली आणि नकळत बोलून गेल्या, "केटलो सरस दात!" जिजींची मान ताठ झाली. मग वकिलानं गोड आवाजात विचारलं, "माजी, समाधान जोईए छे ने?" समाधान कुणाला नको? जिजी चटकन म्हणाल्या, "हा हा! समाधान तो जोईएज!" वकील हसला, कारकून लिहू लागला, डॉक्टरनं डोळे पुसले. सगळं इतकं झटपट आणि आनंदानं उरकलं की मीसुद्धा हसलो. बाहेर व्हरांड्यात वकिलानं डॉक्टरच्या पाठीवर थाप मारली. म्हणाला, बाईंनी तडजोड मान्य केली, आता काळजी नको.

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. आपलं समाधान म्हणजे मन भरणं, आणि गुजरातीतलं समाधान म्हणजे आपसात मिटवून टाकणं! जन्म सुरतेत काढून जिजींनी बाजारात घासाघीस केली होती, भांडणं केली होती, पण मिटवून घ्यायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती, त्यामुळे हा अर्थ त्यांना माहीतच नव्हता. मी सांगितल्याबरोबर त्या वळल्या. शिपाई अडवायच्या आत दार ढकललं आणि भर सभेत अहिराणीत ओरडल्या, "माले समाधान पायजे! समाधान नको!"

टेबलामागचे तिघेही गोंधळले. मी घाम पुसत दोन भाषांमधला फरक समजावला. अध्यक्षबाई आधी खूप हसल्या, मग चष्मा काढून म्हणाल्या, माजी, तुमच्या दाढेचं काय करायचं ते तुम्ही दोघं मिटवू शकता. पण उद्या त्या खुर्चीत जो बसेल त्याच्या वतीनं तुम्हालाही मिटवता येणार नाही आणि आम्हालाही नाही. आता सांगा, तुमचं मराठीतलं समाधान कशानं होईल? डॉक्टरनं डोळे मिटून घेतले. जिजी म्हणाल्या, "पाटीवर ज्यानं नाव, पक्कड त्यानाच हातमा. बस."

परिषदेनं काही महिन्यांसाठी डॉक्टरचं नाव आपल्या नोंदवहीतून उतरवलं, म्हणजे तेवढे दिवस दवाखाना बंद. मुदत संपल्यावर नाव परत जागेवर, पण रुग्णाला हात लावायचा तो त्यानं स्वतःच, अशी तंबी दिली. दवाखान्याला कुलूप लागलं, पाटीवर गोणपाट आलं. गल्लीत ज्याचा दात दुखेल तो जिजींच्या दाराशी येऊन कण्हायचा, मुद्दाम मोठ्यानं. जिजी चप्पल घालायच्या, रिक्षावाल्याकडून पाटी वाचून घ्यायच्या आणि त्याला सरकारी इस्पितळात घेऊन जायच्या. रांगेत उभ्या राहायच्या, परत आणून सोडायच्या. शिव्या देणाऱ्यांनाही नेलं. त्या दिवसांत मी पाहायचो तेव्हा त्यांच्या गालात लवंग असायची आणि भाकरी दुधात भिजवून एकाच बाजूनं चावायच्या. मला वाटायचं, वय झालं.

दवाखाना उघडला त्या सकाळी मी तिथेच होतो. गोणपाट निघालं, डॉक्टर एकटाच खुर्चीपाशी उभा होता, कोट त्याला सैल झाला होता. गल्ली दारादारांत उभी राहून पाहत होती, पण पायरी कुणी चढेना. आता त्याच्या हाताचा भरवसा कुणी धरायचा? जिजी आल्या, तोंडातली लवंग थुंकून टाकली, आत जाऊन खुर्चीत बसल्या आणि आ वासला. ती जुनी दुखरी दाढ तिथेच होती. सगळ्या गल्लीला इस्पितळात नेणाऱ्या बाईनं स्वतःची दाढ कुणालाच दाखवली नव्हती. एवढे महिने ती कळ गालात धरून ठेवली होती, डॉक्टरसाठी.

डॉक्टरनं पक्कड उचलली आणि परत खाली ठेवली. "जिजी, कई दाढ?" त्यानं विचारलं. जिजींनी स्वतःचं बोट त्या दाढेवर ठेवलं आणि दुसऱ्या हातानं त्याचं मनगट थोपटलं.

आता जिजी थकल्या आहेत. फार बाहेर पडत नाहीत, रिक्षावाले परीक्षेतून सुटले आहेत. त्या डबीत दोन दाढा आहेत, एक धडधाकट आणि एक किडलेली, आणि ताईनं ती देवघराच्या खाली ठेवली आहे. त्या दिवशी डॉक्टरनं दाढ काढून कापूस दाबला तेव्हा दारापाशी रांग लागायला सुरुवात झाली होती. जिजी खुर्चीतून उठल्या, रांगेकडे पाहिलं आणि भरल्या तोंडानं पुटपुटल्या, "आते व्हयनं समाधान." ते मराठीतलं की गुजरातीतलं, हे मी विचारलं नाही. डॉक्टर आणि त्या, दोघंही रडत होते.