देवीसाठी आणलेली गोळी

कावेरीकाठच्या माणसाचा आवाज चढत नाही म्हणतात. यामिनी तिथलीच, तंजावरच्या मराठी घरातली. तिचाही आवाज चढत नसे. राग मात्र होता, आणि तो तिनं चुलीतल्या विस्तवासारखा राखेखाली जपला होता.

चेन्नईतल्या एका संशोधन संस्थेत ती काम करते. गर्भाशयाच्या आत जसं अस्तर असतं, तसंच काही बायकांच्या पोटात बाहेर रुजतं. बीजकोशावर, आतड्यावर, जागा मिळेल तिथं. पाळी आली की तेही सुजतं, पाझरतं, आणि बाहेर पडायला वाट नसल्यानं आतल्या आत सगळं चिकटवत जातं. एंडोमेट्रिओसिस म्हणतात त्याला. शस्त्रक्रियेतून आलेले त्याचे तुकडे ती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवते, कुठल्या हार्मोननं ते वाढतात नि कुठल्यानं दबतात ते पाहते. तुकडा नखाएवढा असतो. त्याच्यामागची बाई तरुणपणापासून 'सोस' एवढाच उपाय ऐकत आलेली असते.

विभागप्रमुख पद्मनाभ एकदा तिला म्हणाले होते, "दुखण्यावर कशाला वेळ घालवता? मूल न होण्यावर प्रस्ताव लिहा, अनुदान लगेच मिळेल."

म्हणजे बाई गडबडा लोळली तर तो आजार नव्हे. कूस रिकामी राहिली, तर आजार. यामिनीनं प्रस्ताव दुखण्यावरच लिहिला. तो परत आला. तिनं पुन्हा लिहिला.

नवरात्रात ती चेन्नईजवळच्या आवडी गावी थोरल्या भावाकडं गेली. व्यंकोजी तिथल्या संरक्षण कारखान्यात नोकरीला. घरात नवरात्रातल्या बाहुल्यांच्या पायऱ्या मांडलेल्या, नैवेद्याच्या हरभऱ्यांच्या सुंडलला फोडणी बसलेली, आणि भाची भव्या स्टुलावर चढून वरच्या पायरीवर मोर बसवत होती. हीच पोरगी गेल्या महिन्यात ओरगडमला कामावर जाताना कंपनीच्या बसमध्ये दुखण्यानं बेशुद्ध पडली होती.

"उतर आधी," यामिनी म्हणाली. "तारीख जवळ आली ना तुझी?"

"उलटून गेली, आत्या. अम्मानं गोळी दिलीय. देवीचे नऊ दिवस बाहेरची व्हायला नको ना. नवरात्रात मी राणी असते बघ. कळ नाही की काही नाही. दसरा झाला, गोळी थांबली, की आहेच."

यामिनीच्या हातातली वाटी हातातच राहिली. ती गोळी तिनंही पोरवयात घेतली होती, तंजावरच्या घरी, अशाच पायऱ्यांसमोर. पाळी पुढं ढकलायची गोळी. कोपऱ्यावरचा औषधवाला काही न विचारता देतो. त्या गोळीत जे हार्मोन असतं, त्याच जातीचं हार्मोन डॉक्टर या दुखण्यावर देतात. प्रयोगशाळेत ती ज्याच्यामागं लागली होती, ते या घरात दरवर्षी नऊ दिवस येऊन जात होतं. आणि कुणालाच दिसलं नव्हतं. तिलाही नाही.

भव्याची आई राजसबाई स्वयंपाकघरातून आली. "दसऱ्याला मुलाकडचे हिला बघायला येताहेत. ते दुखण्याचं काढू नकोस हं त्यांच्यासमोर. डॉक्टरीण बोललीच आहे, लग्न झालं, एक मूल झालं, की जातं."

"वैनी, पाळीची गोळी कोण आणतं?"

"तुझे दादा आणतात. का?"

"देवीला विटाळ नको म्हणून दादा उन्हातून धावत जाऊन गोळी आणतात. पोरगी बसमध्ये पडली, तेव्हा कोण धावलं?"

पलीकडं बसलेल्या व्यंकोजींनी वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"म्हणजे दुखणं थांबतं हे नऊ दिवस आपल्या डोळ्यांसमोर दिसतं," यामिनी म्हणाली, "आणि उरलेलं वर्ष आपण तिला सोस म्हणतो. नुसती गोळी चालू ठेवा असं मी म्हणत नाही. नीट तपासून, डॉक्टरच्या देखरेखीखाली औषध द्यायचं. पण लग्न हे औषध नाही, वैनी. नवऱ्यामुलाला कुणी गोळी म्हणून आणतं का?"

भव्याला हसू फुटलं. आईकडं बघून तिनं ते गिळलं.

राजसबाई पाटावर बसली. "मला कुणी दिली होती गोळी? तुझ्या आईनं? मी नाही सोसलं?"

"नाही दिली," यामिनी म्हणाली. "दिली पाहिजे होती."

राजसबाईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. मग उठून सुंडल उतरवलं, कारण ते लागायला आलं होतं.

दसऱ्याला मुलाकडचे आले नाहीत. व्यंकोजींनी फोन करून सांगितलं, "पोरीवर उपचार करायचे आहेत, आधी ते होऊ द्या." पलीकडून कसले उपचार म्हणून विचारणा झाली. "पोटाचे," ते म्हणाले, आणि कुणी हिणवण्याआधी फोन ठेवला.

दवाखान्यात भव्याबरोबर यामिनी जाणार होती. राजसबाई आधीच चपला घालून दारात उभी. तीही निघाली. तीच डॉक्टरीण, तीच खुर्ची. भव्या बोलू लागली तशी डॉक्टरीण हसली. "लग्न झालं की हे—"

"माझं झालं," राजसबाई तमिळमध्ये म्हणाली. आवाज चढला नव्हता. "लग्न झालं, मूलही झालं. दुखणं पाळीबरोबरच गेलं, म्हातारपणी. तेवढी वर्षं माझ्या मुलीनं थांबायचं का? तपासा तिला."

डॉक्टरणीनं पेन खाली ठेवलं, आणि पहिल्यांदाच भव्याला विचारलं, "कुठं दुखतं?"