फोन उचलल्यावर आई काय म्हणायची

आपल्याकडे यंत्राचं भारी कौतुक आणि त्या यंत्रातून बोलणाऱ्या माणसाचं काडीचंही नाही, हे माझं मत जुनं आहे. ते ब्लॉगवर लिहून मी चार लोकांची बोलणीही खाल्ली आहेत. आता पुन्हा लिहिते, कारण राग अजून उतरलेला नाही.

ब्लॉग सुरू केला तेव्हा मी शाहूपुरीत एका करसल्लागाराच्या ऑफिसात कामाला होते. कोल्हापुरात मोबाईलचं वारं जोरात होतं. मिसळ खायला बसलेला माणूस आधी खिशातला हँडसेट काढून सगळ्यांना दिसेल असा टेबलावर मांडायचा आणि मग जादा कट मागायचा. आमच्या ऑफिसात खंडेनवमीला पूर्वी टाइपरायटर पुजायचे. पुढे त्या रांगेत कॉम्प्युटर आला, फॅक्स आला, आणि एका वर्षी साहेबांनी आपला नवाकोरा मोबाईल पाटावर मांडला. नुसतं फूल वाहून भागलं असतं, पण साहेब साग्रसंगीत पूजा करणारे. ओलं कुंकू बटणांच्या फटीत गेलं आणि पाचाचं बटण कायमचं रुतून बसलं. त्यानंतर ज्याच्या नंबरात पाच असेल त्याला फोन लावायचा झाला की साहेब माझा मोबाईल मागून न्यायचे आणि माझ्याच मोबाईलला नावं ठेवत बोलायचे.

हे मी ब्लॉगवर लिहिलं आणि ते गाजलं. मराठी ब्लॉग तेव्हा मोजकेच होते, सगळे एकमेकांचं वाचायचे. अमेरिकेतून, पुण्यातून, कुठून कुठून प्रतिक्रिया आल्या. वाटलं, चला, आपल्याला वाचणारी माणसं मिळाली. पण प्रतिक्रिया नीट वाचल्यावर कळलं की निम्म्या लोकांना एकच प्रश्न पडलाय, साहेबांचा हँडसेट कोणता होता. मग मीही त्या वाटेला लागले. कोणता मोबाईल घ्यावा, कशाची बॅटरी टिकते, कशात मराठी दिसतं आणि कशात नुसते चौकोन दिसतात, असलं लिहायला लागले. लोक तुटून पडायचे. बॅटरीवरून मोठमोठी सुशिक्षित माणसं एकमेकांची अक्कल काढायची. मला गंमत वाटायची, खोटं कशाला बोलू.

अशात एकदा वाटलं, मोबाईलवर एवढं लिहितेय तर आमच्या घरी पहिला फोन आला त्याबद्दल का लिहू नये? तो लेख माझ्या आईवर झाला, कारण आमच्या घरी फोन म्हणजे आईच होती.

नव्वदच्या दशकात आमच्याकडे फोन आला. वडील सरकारी कार्यालयात कारकून होते. त्यांनी नंबर लावला आणि तो लागेपर्यंत मी शाळेतून कॉलेजात गेले. आमची कॉलनी नोकरदारांची. आमचं घर बौद्धांचं, आजूबाजूची बहुतेक घरं कागलकडून, मलकापूरकडून आलेल्या शेतकरी कुटुंबांची. गल्लीत फोन पहिला आमचा. त्यामुळे रिवाजाप्रमाणे सगळ्यांनी आमचा नंबर आपल्या पाहुण्यांना पी.पी. नंबर म्हणून देऊन टाकला. पी.पी. म्हणजे फोन शेजारच्याचा, त्यानं उचलायचा आणि तुम्हाला हाक मारायची. विचारायची पद्धत नव्हती, आणि आईचीही काही तक्रार नव्हती. फोन वाजला की हातातलं काम टाकून ती पळत यायची, रिसीव्हर कानाला लावायची आणि खणखणीत आवाजात म्हणायची, "जय भीम!"

हॅलो हा शब्द तिला ठाऊक होता. पण घरात आलेल्या माणसाला आपण जे म्हणतो तेच फोनवर आलेल्या माणसाला म्हणायचं, एवढा तिचा साधा हिशेब होता. फोन कुणाचा आहे हे उचलण्याआधी कळायची सोय नव्हती. त्यामुळे मावशी असो, गॅसवाला असो, नाहीतर शेजारणीचा कागलचा भाऊ असो, सगळ्यांना जय भीम.

काहीजण तिकडून फोन ठेवून द्यायचे. राँग नंबर लागला असं वाटायचं म्हणे. काहीजण परत करायचे, पुन्हा जय भीम ऐकायचे आणि पुन्हा ठेवायचे. मग गावाकडून शेजाऱ्यांना विचारणा व्हायला लागली, फोन कुणाच्यात लावलाय म्हणून. शेवटी समोरच्या घरची बाई एका दुपारी आमच्याकडे आली. आईच्या हातचा चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलली आणि मग हळूच म्हणाली, तेवढं हॅलो म्हणत जावा, आमच्या पाहुण्यांना कसंतरी होतं.

आई तिच्यावर चिडली नाही. ती म्हणाली, "पावण्यास्नी माझ्या दारातनं यायचं हाय, तर दार मीच उघडणार की. मी कोण हाय ते सांगतो, मग तुमाला हाक मारतो. त्यात काय चुकलं?"

कोल्हापुरात आमच्या बायका 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात, आईही तशीच बोलायची. समोरच्या बाईनं त्या दिवसापासून आमचा नंबर द्यायचं बंद केलं आणि फोन करायला पार कोपऱ्यावरच्या एस.टी.डी. बूथपर्यंत चालत जायला लागली. पाऊस असो, ऊन असो, कडेवर पोर घेऊन जायची. तिच्या मलकापूरच्या म्हाताऱ्या सासऱ्यांना मात्र हे बूथ प्रकरण काही झेपलं नाही. ते आमच्याकडेच फोन करत राहिले. आईनं जय भीम म्हटलं की तिकडून तेवढ्याच मोठ्यानं "जय भीम, वैनी" म्हणायचे आणि सुनेला बोलवायच्या आधी आईशी पाऊसपाण्याचं बोलून घ्यायचे.

एवढाच लेख. मी तो मन लावून लिहिला होता. मोबाईलच्या लेखांना शेकड्यानं वाचक, याला जेमतेम एक 'छान' आणि दुसरी एक प्रतिक्रिया, चांगल्या चाललेल्या ब्लॉगवर जात कशाला आणता? मी जात आणली नव्हती, फोन आणला होता. पण ते कुणाला सांगणार? मी तो विषय तिथंच सोडला आणि पुन्हा बॅटऱ्यांवर लिहायला लागले.

बऱ्याच महिन्यांनी ऑफिसात चहाच्या वेळी एक सहकारी म्हणाली, एक ढकलपत्र आलंय, सगळ्यांनी ऐका, इतकं गोड आहे. तेव्हा आमच्याकडच्या लोकांना नवीनच ईमेल मिळालेली, आणि आलेली प्रत्येक गोष्ट पुढच्या पन्नास जणांना ढकलल्याशिवाय चैन पडत नसे. ती स्क्रीनवरून मोठ्यानं वाचायला लागली. पहिल्या वाक्याला मी कप खाली ठेवला. लेख माझा होता. नंबर लागेपर्यंत मी शाळेतून कॉलेजात गेले तेही होतं. हातातलं काम टाकून पळत येणारी आई होती. आणि त्या आईनं रिसीव्हर कानाला लावला आणि खणखणीत आवाजात म्हटलं, "राम राम, पावणं!"

सगळे हसले. पुढे वाचन सुरूच होतं. मलकापूरचे सासरे "राम राम, वैनी" म्हणाले. समोरची बाई आली, चहा प्यायली आणि म्हणाली, जरा हळू बोलत जावा, आमच्या पाहुण्यांचे कान दुखतात. म्हणजे ती शेजारीण का रुसली याचं कारणच लेखातून गेलं होतं, आणि तिथं कुणीतरी स्वतःच्या पदरचं कारण घातलं होतं, माझ्या आईचा आवाज मोठा. त्यापायी एक बाई उन्हापावसात कडेवर पोर घेऊन बूथपर्यंत चालत जाते, आणि ते ऐकून सगळं ऑफिस पोट धरून हसतंय, एकालाही शंका येत नाही. 'मी सांगतो, हाक मारतो' हे सगळं मात्र जसंच्या तसं ठेवलं होतं, कारण ते गावरान होतं, गोड होतं. खाली माझं नाव नव्हतं, कुणाचंच नव्हतं.

वाचणारीनं डोळे पुसले आणि म्हणाली, अशी आई आता बघायला मिळत नाही. मी म्हटलं, मिळते, संध्याकाळी घरी चल, ती माझी आई आहे. लेख मी लिहिलाय.

वाचणारीनं पुन्हा स्क्रीनकडे पाहिलं. तिच्या मनात काही वाईट नव्हतं, हेच मला आजही सहन होत नाही. ती म्हणाली, "अगं, पण तुमच्यात राम राम कुठं म्हणतात?"

तळपायाची आग मस्तकाला जाते म्हणतात ते त्या दिवशी मला कळलं. आम्ही म्हणत नाही, हेच तर माझं म्हणणं होतं! ज्या शब्दानं लेख माझा आहे हे ओळखता आलं असतं तो शब्द काढून टाकायचा, आणि मग तो शब्द नाही म्हणून लेख माझा नाही म्हणायचं. मी ब्लॉग उघडून मूळ लेख दाखवला. सगळ्यांनी वाचला. साहेब म्हणाले, हो, तुझाच दिसतो, पण खरं सांगू का, तो दुसरा जास्त रंगतो. आणि चहाची वेळ संपली.

मी त्या ढकलपत्राच्या शेपटाला लागले. खाली पत्त्यांची ही लांब माळ असायची तेव्हा. एकाला विचारून दुसऱ्याला, असं करत करत ज्यानं पहिल्यांदा पाठवलं त्या गृहस्थापर्यंत पोचले. निवृत्त, मोठ्या हुद्द्यावर काम केलेले, पुण्याचे. मला वाटलं होतं नाकबूल करतील. उलट अगदी आदबशीर उत्तर आलं. लेख त्यांना फार भावला होता, इतका की सगळ्या मित्रांना पाठवल्याशिवाय राहवलं नाही. नाव गाळलं गेलं ते घाईत. बाकी एक शब्द काय तो बदलला, आणि त्याच्या अनुषंगानं थोडं इकडचं तिकडं, म्हणजे वाचणाऱ्या प्रत्येकाला ती आपलीच आई वाटावी. राग मानू नये, असंही लिहिलं होतं. शिवाय ताजा कलम, मोबाईल घ्यायचा आहे, डोळ्यांना सोसेल असा मोठ्या अक्षरांचा सुचवावा.

आयत्या बिळावर नागोबा ठीक आहे, तो निदान बिळात गुपचूप बसतो. हा नागोबा बिळाची रंगरंगोटी करून वर मालकिणीला विचारतो, कसं दिसतंय? मी सगळी हकिकत ब्लॉगवर लिहिली. जितकं तिखट लिहिता येतं तितकं लिहिलं. प्रतिक्रिया भरपूर आल्या. इंटरनेटवर टाकलेलं सगळ्यांचंच असतं, असं एकानं समजावलं. एकाच शब्दासाठी एवढा त्रागा कशाला, असं दुसऱ्यानं. शब्द एकच होता तर तो ठेवायला काय झालं होतं, असं मी उलट विचारलं. तिसऱ्यानं लिहिलं की तुमचे तंत्रज्ञानावरचे लेख फार उपयुक्त असतात, त्यावरच लिहीत राहा. आणि त्याखाली दोघांचं भांडण लागलं, मोठ्या अक्षरांचा हँडसेट कोणता बरा यावरून.

घरी आईला यातलं काही माहीत नव्हतं. तिच्यावर लेख लिहिलाय हेसुद्धा सांगितलं नव्हतं, कारण ब्लॉग म्हणजे काय इथून सुरुवात करावी लागली असती. पण त्या रविवारी मी दोन्ही लेख ऑफिसातून कागदावर छापून आणले. आई शेंगा फोडत बसली होती. वडील जाऊन तेव्हा थोडेच दिवस झाले होते आणि ती फारशी बोलत नसे. मी आधी माझा लेख वाचला. मलकापूरच्या म्हाताऱ्याची आठवण निघाली तशी ती पहिल्यांदा मोकळी हसली, चांगला माणूस होता म्हणाली. मग मी दुसरा वाचला. फोन उचलल्यावरचं वाक्य आलं तेव्हा तिचे हात थांबले. मोठ्या आवाजाचं आलं तेव्हा तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं. शेवटपर्यंत ऐकून घेतलं तिनं.

मग तिनं विचारलं, हे कुणी केलं? मी सांगितलं. का केलं म्हणतो? मी त्या गृहस्थांचं म्हणणं सांगितलं, प्रत्येकाला ती आपलीच आई वाटावी म्हणून. सांगताना माझा आवाज चढला होता. मी म्हटलं, मी त्यांना सोडणार नाही, परत लिहीन, त्यांनी जिथं जिथं पाठवलं तिथं तिथं लिहीन. आईनं मांडीवरची टरफलं झटकली.

"माझं पळत येणं ठेवलं, माझं बोलणं ठेवलं, पावण्यास्नी हाक मारणं ठेवलं," ती म्हणाली. "म्हंजे फोन उचलायला त्येला आई पायजे. फकस्त ती मी नगं."