खळ्यातली मेढ

टेनिसचा शोध कुणी लावला यावर जाणकारांत वाद असतील. पण हिंगोलीकडच्या आमच्या गोरेगावच्या शिवारात तो खेळ माझ्या चुलत सासऱ्यांनी आणला, यावर आमच्याकडे कुणाचंच दुमत नाही. सगळे त्यांना आबा म्हणत. तरुणपणी हैदराबादच्या एका क्लबात ते कारकून होते. येताना दोन रॅकेटी आणि टेनिसचा सगळा इतिहास घेऊन आले. तो इतिहास ते सोयरिकीच्या बैठकीत सांगत, तेराव्यालाही सांगत. फ्रान्सातल्या मठांत साधू नुसत्या तळहातानं चेंडू टोलवत, रॅकेट फार मागून आली, हे आमच्या अख्ख्या गल्लीला पाठ होतं. पोरांनाही ते आधी दोन महिने तळहातानंच खेळवत. कुणी लाजलं की म्हणत, "बुवालोक भजन सोडून खेळून राहिले होते, मंग तुला काहून लाज?"

मैदान म्हणजे आमचं परसातलं खळं. सुगी संपली की ते सारवून चुन्याच्या रेघा मारायच्या आणि मासे धरायचं जाळं आडवं बांधायचं. अडचण एकच होती. मळणीचे बैल जिच्याभोवती फिरत, ती पुरुषभर उंचीची मेढ जाळ्याच्या बरोबर मध्ये उभी होती. "उपटून टाका की," मी म्हणाले. "मेढ खळ्यातला देव हाय, सूनबाई. देवाला सरक म्हणू का?" मग नियम ठरला. मेढीला चेंडू लागला की गुण गेला, वर तिच्या पाया पडायचं.

माझी लेक सुमन यात सगळ्यांत तरबेज झाली. तिच्या वडिलांना मात्र हे थेर वाटायचं. "हिंगोलीच्या स्पर्धेत एक तरी मॅच जिंकू द्या. न्हाई तर खेळ बंद, पुन्हा बोलायचं न्हाई," त्यांनी बजावलं. आबा एवढंच म्हणाले, "चेंडू आला की कुणाला इचारता येत न्हाई, आपलं आपणच ठरवावं लागतं. पोरीच्या जातीला हे यायलाच पायजे."

हिंगोलीला मी यादीप्रमाणे दशम्या, टॉवेल, पाण्याची बाटली असं सगळं नेलं. समोर एका डॉक्टरांची मुलगी होती. सुमनचा एकही चेंडू मधून जाईना, सगळे कोपऱ्यांत. ती मुलगी पळून पळून लाल झाली, पण हळूहळू तिला ही खोड कळली. शेवटच्या गुणाला ती आधीच कोपऱ्याकडे सरकली. मधलं मैदान मोकळं पडलं आणि आमची लेक रॅकेट उचलून अडखळली.

"पोरी," काठावरून आबा शांतपणे म्हणाले, "मेढ घरी हाय."

चेंडू सरळ मधून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुमनचे वडील कुणी न सांगता खळं सारवत होते. रेघा नीट येईनात, म्हणून आबा त्यांना भरपूर बोलले.

पुढे मळणीयंत्र आलं, खळं मोडलं. आबाही गेले. सुमन आता नांदेडला मुलांना टेनिस शिकवते, आधी तळहातानं. परसात मेढ तेवढी उरली आहे. वर्षाच्या कामांच्या माझ्या यादीत 'मेढ काढणे' दरवर्षी असतं. बाकी सगळ्या कामांवर मी वेळेत काट मारते. एवढं एक पुढच्या यादीत उतरवून घेते.