दहावी नापास

सरांना एम.ए.ला त्रेपन्न टक्के होते. पंचावन्न असते तर सेटची परीक्षा देता आली असती, सेट झाले असते तर विद्यापीठाची मान्यता मिळाली असती. खुल्या प्रवर्गाला पंचावन्नच्या खाली अर्जच भरता येत नाही. म्हणून अठरा वर्षं ते आमच्या विनाअनुदानित कॉलेजात तासिका तत्त्वावर भूगोल शिकवत राहिले. कॉलेज कळमनुरी तालुक्यातलं, डोंगरकड्याच्या रस्त्याला, पत्र्याचे सहा वर्ग.

मी त्यांचीच विद्यार्थिनी. समोच्च रेषा शिकवायला ते बादलीत एक मोठा दगड ठेवायचे, पाणी भरायचे, मग मगाने थोडं थोडं काढत प्रत्येक पातळीला दगडाभोवती रेघ मारायचे. वरून बघा, म्हणायचे. वरून बघितलं की नकाशा कळायचा. माझं एम.ए. झाल्यावर सेटची तयारी त्यांनीच करून घेतली. दर रविवारी मी हिंगोलीहून एसटीने त्यांच्या गावी जायची. त्यांच्या ओसरीवर जुन्या प्रश्नपत्रिका सोडवायची. तिसऱ्या खेपेला मी पास झाले. पेढे सरांनीच वाटले.

"आता आपल्या विषयाला मान्यतेचं माणूस मिळालं," ते सगळ्यांना सांगत होते.

माझी मुलाखत झाली, मान्यतेचं पत्र आलं, आणि एकोणतिसाव्या वर्षी मी त्यांची विभागप्रमुख झाले. वेळापत्रकावर सगळे तास माझ्या नावाचे, निम्मे ते घ्यायचे. मी वर्गात शिरले की पोरं विचारायची, "मॅडम, आज सर न्हाईत का?" मी हसून म्हणायची, आहेत, पुढच्या तासाला. रोज हसायची.

मग संलग्नीकरणासाठी विद्यापीठाची समिती येणार म्हणून पत्र आलं. प्राचार्यांनी मला बोलावलं. "मान्यता नसलेला एकही माणूस वर्गात दिसता कामा नये. आणि ग्रंथालय परिचराची जागा आपण कागदावर भरलेली दाखवलीय, तिथं कुणीतरी उभं पाहिजे. सरांना तुम्हीच सांगा. तुमचं ऐकतील."

मी सांगितलं. सर खडूचे हात पुसत होते.

"म्हणजे म्या शिपाई व्हायचं?"

"एक दिवस, सर. फक्त पुस्तकं पुसायची. बोलायचं काहीच नाही."

"बराबर आहे," ते म्हणाले. "कॉलेजच राहिलं न्हाई तर शिकवायचं कुठं."

समितीच्या दिवशी त्यांनी शिपायाचा खाकी शर्ट घातला होता. पोटावर बटण ताणलं होतं. हातात फडकं. समितीत तिघे होते. त्यांतल्या एक बाई फार बारकाईने बघत होत्या. त्या ग्रंथालयात शिरल्या, मी मागोमाग. कोपऱ्यातल्या टेबलावर पहिल्या वर्षाची एक मुलगी वाचत बसली होती. पोरांना आदल्या दिवशीच सगळं पढवून ठेवलं होतं. ही मुलगी त्या दिवशी गैरहजर असावी. बाईंनी विचारलं, "भूगोल कोण शिकवतं तुम्हाला?"

मुलीने सरांकडे बोट केलं. "हे सर."

बाई थांबल्या. त्यांनी आधी खाकी शर्टाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

मी म्हणाले, "परिचर आहेत आमचे. खेड्यातली मुलं मॅडम, घंटा वाजवणाऱ्यालाही सर म्हणतात."

बाई हसल्या. एवढ्यावर भागलं असतं. पण त्यांनी सहज विचारलं, "शिक्षण किती यांचं?" सरांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "दहावी नापास. पण माणूस प्रामाणिक आहे."

"अशी माणसं मिळत नाहीत हल्ली," बाई म्हणाल्या आणि पुढच्या कपाटाकडे वळल्या. सर फडकं फिरवत राहिले. त्या मुलीने मान खाली घातली.

संलग्नीकरण मिळालं. दुसऱ्या दिवशी सर तासाला आले. मागच्या बाकावरून कुणीतरी बारीक आवाजात म्हणालं, "दहावी नापास." दोन-चार जण हसले. सरांनी तास पूर्ण घेतला, फळा पुसला, आणि त्यानंतर ते कॉलेजात आले नाहीत.

दोन आठवड्यांनी मी त्यांच्या गावी गेले. माफी मागायला गेले असं लिहायला आवडलं असतं. प्राचार्यांनी परिचराच्या नेमणुकीचा अर्ज दिला होता. समितीने माणूस बघितला होता, आता फाइलला सही पाहिजे होती.

सर ओसरीवर बसले होते. त्यांच्या बायकोने पाणी आणून दिलं, माझ्याकडे बघितलं नाही. सरांनी चष्मा लावून अर्ज वाचला. शिक्षणाच्या रकान्यात त्यांनी आपल्या सुंदर अक्षरात लिहिलं: एम.ए. भूगोल, त्रेपन्न टक्के. खाली सही केली.

"सर, असं चालणार नाही. एम.ए. झालेला परिचर..."

"मंग काय लिहू?"

मी अर्ज उचलून पिशवीत ठेवला.

"एक सांग पोरी. परिचर म्हणायचं ठरलं होतं, ते तू म्हणली. त्याचं मला काही न्हाई. पण नापास काहून केलं? दहावीला म्या केंद्रात पहिला आलतो. तुला ठाऊक होतं."

"घाबरले, सर. त्यांना शंका येऊ नये म्हणून."

"व्हय," ते म्हणाले. "शंका कोणालाच आली न्हाई."

मी खोटं बोलले होते. ग्रंथालयात मी घाबरले नव्हते. त्या मुलीने त्यांच्याकडे बोट केलं, मी शेजारी उभी असताना, तेव्हा माझ्या तोंडात तो शब्द तयार होता. पहिल्या तासापासून तयार असावा. तो उच्चारताना मला बरं वाटलं होतं. अजूनही आठवलं की आधी ते बरं वाटणं आठवतं, लाज नंतर येते.

तो अर्ज मी परतीच्या बसमध्ये फाडला. परिचराच्या जागेवर अध्यक्षांच्या ड्रायव्हरचा भाऊ लागला. तो खरोखर दहावी नापास आहे, आणि कामाला चांगला आहे. भूगोलाचे सगळे तास आता मीच घेते. आज सर आहेत का, असं कुणी विचारत नाही.