घसा नको, शब्द हवा

माझ्या आत्यानं जोडलेला सांधा उंदराच्या शेपटीसारखा दिसतो, असं तिचे दीर चारचौघांत जेवताना बोलून गेले. आत्यानं घास खाली ठेवला, आणि त्यांच्याशी बोलणंही तिथंच ठेवलं.

सांधा कसला, ते आधी सावकाश सांगतो. दवाखान्यात माणसाला आडवं सरकवून त्याचं आतलं बघणारं पोकळ पिंपासारखं यंत्र असतं. त्याच्या पोटातलं चुंबक आत्याच्या कारखान्यात तयार व्हायचं. म्हणजे तारेची वेटोळीच वेटोळी. ती हाडं गोठवणाऱ्या थंडीत बुडवायची, वीज सोडायची, आतल्या आत वाट पुरी करायची आणि बाहेरचा पुरवठा काढून घ्यायचा. बैल सोडून गोठ्यात नेले तरी चरक फिरत राहावा, तशी ती वीज मग वर्षानुवर्षं फिरत राहते. अट एकच. तारेला तार जिथं जोडली, तिथं तिला कणभरही अडवणूक होता कामा नये.

ही तार वरून तांब्याची, आत केसाहून बारीक तंतूंचा झुपका. दोन तारांची टोकं आत्या वितळलेल्या कथलात धरायची. कथील तांबं खाऊन टाकायचं, तंतू मोकळे व्हायचे. मग अंगावरचं कथील थिजायच्या आत तो झुपका शेजारच्या भांड्यातल्या दुसऱ्या वितळलेल्या धातूत बुडवायचा. त्या धातूवर दुधासारखी साय धरते. साय आत गेली की सांधा नासला. म्हणून त्याच टेबलावर कामाला असलेले दीर पळीनं साय सारायचे आणि म्हणायचे, “घ्या.” त्या शब्दावर आत्याचा हात जायचा. इतकी वर्षं त्या एका शब्दावर टेबल चाललं होतं.

अबोला धरल्यावर घरचं निभावलं. आत्याचे यजमान, आमचे आतोबा, मध्ये बसायचे.

“यांना सांगा, मीठ समोरच आहे.”

“दादा, वहिनींना सांग, दिसतंय मला. डोळे आहेत.”

“यांना सांगा, डोळे असते तर शेपटी दिसली नसती.”

आतोबा मान इकडून तिकडे वळवत जेवायचे. त्यांचा आमटीभात नेहमी गार.

कारखान्यात आतोबा नव्हते. दिरांनी साय सारली आणि “घ्या” म्हणण्याऐवजी खाकरले. आत्या हलली नाही. ते पुन्हा खाकरले. मग आत्याला वाटलं असावं, आता पुरे, आणि तिनं हात घातला. तोवर साय परत आली होती.

चुंबक थंड केलं, वीज भरली, वाट बंद केली. चुंबकाच्या जोराचा आकडा एका जागी ठरायला हवा होता. तो घसरत राहिला. चुंबक पुन्हा तापवून उघडावं लागलं, सगळं खातं चरफडलं. नासलेला सांधा नेमका तोच निघाला.

इंजिनीअर बाई शांतपणे म्हणाल्या, “पुन्हा जोडा. परत घसरलं, तर हे टेबल बंद. तुम्ही दोघं पॅकिंगला.”

पॅकिंगला! खोक्यांना पट्ट्या चिकटवायच्या! आत्याचा चेहरा उतरला. लग्नात मिळालेल्या दागिन्यांवर नसेल इतका तिचा त्या टेबलावर जीव होता. त्या दिवशी घरी मीठसुद्धा कुणी मागितलं नाही.

दुसऱ्या सकाळी दोघं टेबलाशी उभे राहिले. बाई त्यांच्या मागं, हाताची घडी घालून. कथलानं तांबं खाल्लं. दिरांनी पळी फिरवली, धातू आरशासारखा उघडा पडला. त्यांनी तोंड उघडलं, आणि सवयीनं खाकरलेच.

“घसा नको, भावजी!” आत्या ओरडली. “शब्द हवा!”

दीर दचकले. पळी पुन्हा फिरली. “घ्या! घ्या वहिनी, साय धरतेय!”

आत्याचा हात कधी गेला, ते बाईंनाही दिसलं नाही.

सांधा थिजला. मग दीर हळूच म्हणाले, “ती शेपटी उंदराची नव्हती.”

“मग?”

“खारीची. झुपकेदार.”

“हे पंगतीत सांगायचं होतं,” आत्या म्हणाली, आणि चिमटा पुसायला लागली.

चुंबक पुन्हा थंड झालं. आकडा ठरला तो ठरलाच. बाईंनी टेबलावर टिचकी मारली आणि निघून गेल्या. टेबल राहिलं.

त्या दिवशी जेवताना आतोबा सवयीनं मध्ये बसले, आणि दोन्हीकडून एकदमच सुरुवात झाली.

“माझा हात वेळेवर गेला म्हणून!”

“मी ‘घ्या’ म्हणालो म्हणून गेला ना!”

“मी शब्द मागितला म्हणून म्हणालात!”

वाद रंगत गेला. आतोबांनी दोघांकडे एकदा पाहिलं, ताट उचललं आणि ओसरीवर जाऊन बसले. किती तरी दिवसांनी त्यांनी आमटी गरम खाल्ली.