पायात नाही, गळ्यात

"चोर घरात कशाला हुडकता? ह्यो काय, तयारच उभा हाय की."

अप्पांनी हे म्हटलं आणि काठीचं टोक माझ्याकडं केलं. गोदामातले हमाल हसले. माझ्या वर्गातली पोरंही हसली. मी दाराबाहेर उभा होतो. दाराच्या आत मला येऊ देत नव्हते.

हे कळंबला घडलं. निजामाचं राज्य होतं, जर्मनची लढाई चालू होती. वर्ष नेमकं आठवत नाही, म्हणून लिहीत नाही. मी मांगाचा. मांगवाड्यातून शाळेत जाणारा मी एकटा. अप्पा म्हणजे भुसाराचे मोठे आडते. त्यांचा मुलगा मल्लू माझ्या वर्गात होता. त्याचा आतेभाऊ बसवराज हैदराबादला कॉलेजात शिकायचा. एका सुट्टीत तो चावीचा सिनेमा-कॅमेरा घेऊन आला. लढाईमुळं फिल्म मिळत नव्हती. त्याच्याकडं दोनच रिळं होती. तेवढ्यात बसेल असा रहस्याचा मुका सिनेमा करायचं पोरांनी ठरवलं.

गोष्ट कुणाला सुचेना. मला सुचली. शाळेमागच्या चिंचेखाली ते बसले होते, मी लांब बसून सांगत होतो. आडतीच्या गोदामातून दागिन्यांची पेटी जाते. संशय राखणदारावर येतो. पण धान्याला लावायची राख जमिनीवर सांडलेली असते, आणि तिच्यात बुटाचा ठसा असतो. राखणदार अनवाणी. बूट घालणारा एकच, मालकाचा मुलगा. शेवटी कॅमेरा बुटावरून हळूहळू वर जातो आणि तोंड दिसतं.

"आयला! हे तुझ्या डोक्यात आलं कुठून?" बसवराजनं विचारलं.

मी सांगितलं नाही. त्याआधी पेठेतल्या एका दुकानात चोरी झाली होती. पोलीस पाटील नेहमीसारखा आधी मांगवाड्यात आला. माझ्या बापाला चावडीवर नेलं. बापानं काही घेतलं नव्हतं. तरी गुडघे टेकून, हात जोडून कबूल केलं. घरी आल्यावर म्हणाला, "कबूल केलं की मार थांबतो, बाळा." माल पुढं दुकानदाराच्या भाच्याकडंच सापडला. बापाला त्यावर कुणी एक शब्द बोललं नाही.

मल्लू चोर व्हायला तयार होता. राख, ठसा, चालणारे बूट, सगळं घेऊन झालं. एक रीळ संपलं. तोंड तेवढं राहिलं होतं, आणि अप्पा आले.

"चोर कोन झालाय?"

"मी, अप्पा."

मल्लूच्या कानाखाली बसली. आडत्याचं पोर चोर, ते बी आडतीतच? मग त्यांनी इकडंतिकडं पाहिलं आणि मी दिसलो.

बसवराज रडकुंडीला आला. "पण मामा, बूट आधीच घेतलेत फिल्मवर. चोर हा असला तर याच्या पायात बूट पाहिजेत."

"मांगाच्या पायात माझ्या पोराचं बूट? उद्या समदा मांगवाडा बूट घालून पेठंतनं हिंडंल!"

वर्गातला एकजण म्हणाला, "बूटबी यानंच चोरलं असं दावू. गळ्यात अडकवू."

अप्पांनी विचार केला. "गळ्यात चालंल. पायात न्हाय."

मी ते नीट ऐकलं. जो बूट माझ्या पायाला लागून बाटत होता, तो माझ्या गळ्याला लागून बाटत नव्हता. एवढी शिकलेली पोरं तिथं होती. हिशेबातली ही चूक एकालाही दिसली नाही.

मल्लूनं बूट सुतळीनं बांधून माझ्यापुढं फेकले. "घाल."

मी घातले. का, ते आज सांगता येत नाही. घातले एवढं खरं. सुतळी मानेला काचत होती.

मला गोदामाच्या दारात उभं केलं. बसवराजनं कॅमेऱ्याला चावी दिली. "आता गुडघे टेक. हात जोड. कबुली देतोस असं तोंड कर."

मल्लू गाल चोळत हसला. "त्याला शिकवाया नको, दादा. त्याच्या बापाला पाठ हाय."

कॅमेरा घरघरायला लागला. सगळे माझ्या गुडघ्यांकडं बघत होते.

मला बाप दिसला. चावडीपुढच्या मातीत टेकलेला. मी त्या दिवशी गर्दीत होतो आणि त्याच्या पाठीकडून बघत होतो. आता मला त्याचं तोंड कळलं. मी कबूल केलं तर पडद्यावर तेच तोंड दिसणार होतं. फौजदार बघणार, पाटील बघणार. आणि म्हणणार, बघा, यांचं पोरगंच सांगतंय.

मी बूट काढले. मल्लूच्या पायाशी ठेवले.

"ह्ये तुझं हायेत. ज्याचा बूट त्याला धरा. म्या चोर न्हाय."

"अरे, खेळ आहे हा!" बसवराज ओरडला.

"खेळ हाय तर तुमी टेका गुडघं."

"फिल्म चाललीय, फिल्म!" त्याला फिल्मचीच पडली होती.

अप्पांची काठी खांद्यावर बसली. दुसरी पाठीत. मी उभाच होतो. मग हमालांनी मला उचलून रस्त्यावर टाकलं.

संध्याकाळी बापाला सगळं कळलेलंच होतं. "टेकलं असतंस तर काय झिजलं असतं?" तो म्हणाला. "गुडघंच की."

मी बापाला तोवर कधी उलट बोललो नव्हतो. म्हणालो, "तुमचं झिजलं की, बा."

तो त्या रात्री जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी दारातच अडवलं. "अप्पांच्या दारात जाऊन माफी माग. मग वर्गात ये."

"कशाची माफी, साहेब?"

"कशाची ते अप्पा सांगतील. तू माग."

"मग म्या येत न्हाय."

फिल्म धुऊन आली का, कुणी पाहिली का, मला ठाऊक नाही. ऐकीव लिहिणार नाही. शाळा सुटली हे माझ्यापुरतं खरं. बार्शी इंग्रजांच्या मुलखात होती. तिथं आमच्या पोरांना शाळेत घेतात एवढं ऐकून मी चालत निघालो. वळ ठणकत होते. पुढं काय खायचं, कुठं निजायचं, काही माहीत नव्हतं. एकच पक्कं होतं. मार खाईन, उपाशी राहीन, पण न केलेल्या गुन्ह्याची कबुली कुणाला देणार नाही.

अजून दिलेली नाही.