तीन घमेली मावतील अशी गाडी

आमच्या घरात वस्तू उशिरा येते, तिचे किस्से आधी येऊन बसतात. फ्रीज यायच्या आधी फ्रीजचे पाच-सहा किस्से झाले होते, बोअर मारायच्या आधी बोअरचे. गाडीचं तर विचारूच नका. मुदखेडच्या आमच्या शाळेत मधल्या सुट्टीत डबे उघडले की कुणीतरी विचारणारच, "सर, गाडीचं कुठवर आलं?" मी सांगायला लागलो की बाकीच्यांचा घास हातातच राहायचा. मी आपला खात खात सांगायचो.

राहायला आम्ही नांदेडला. घरात मी, बायको वैशाली, आई, आबा, चार वर्षांची ओवी आणि दीड वर्षाचे जुळे, राघव आणि माधव. वैशाली सरकारी दवाखान्यात नर्स आहे. घरात सगळ्यात कमी बोलणारी तीच, आणि शेवटी चालतं तेही तिचंच.

गाडीचा विषय निघाला तो एका म्हशीमुळे. जळकोटला, वैशालीच्या माहेरी, जीपनं निघालो होतो. कंधारच्या पुढं म्हैस आडवी आली, ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला आणि आईच्या मांडीवरचा राघव सुटून पुढच्या सीटवरच्या एका अनोळखी पाटलांच्या पटक्यावर जाऊन पडला. लागलं काहीच नाही. पाटलांनी त्याला दोन्ही हातांनी खाली उतरवलं आणि शांतपणे विचारलं, "कुणाचं हाय हे?"

सगळी जीप हसली. मीही हसलो, आता सांगायला लाज वाटते. आई आणि वैशाली मात्र हसल्या नाहीत. घरी आल्यावर वैशाली म्हणाली, "तिघांना तीन खुर्च्या, पट्ट्याच्या. त्या मावतील अशी गाडी घ्यायची. मांडीवर लेकरू घेऊन मी आता कोणत्याच गाडीत बसणार न्हाई." म्हणजे गाडी येईपर्यंत जळकोट बंद. तिच्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यांना इकडं येता येत नव्हतं. मायलेकींची गाठ फोनवरच पडायची, आणि फोन ठेवला की वैशाली माझ्याकडं बघायची.

०

बाजारात तुरी म्हणतात ना, तसं आमच्याकडं आधी खुर्च्या आल्या. वैशालीच्या भावानं पुण्याहून ट्रॅव्हल्सच्या टपावर टाकून तिन्ही पाठवून दिल्या. चांगल्या जाडजूड, गादीच्या, दोन्ही बाजूंना कान असलेल्या. गल्लीत बातमी पसरली की सरांची बायको दाताचा दवाखाना काढून राहिली. दोन जण तर गाल धरून येऊनही गेले.

खुर्च्या हॉलमध्ये मांडल्या. आबांचं म्हणणं, लेकरांना टोचतं का ते आधी मोठ्या माणसानं बघावं. आमचे आबा अंगानं काडी. वैशाली ड्युटीवर, मी शाळेत, आई तिन्ही लेकरं घेऊन शेजारी. आबा खुर्चीत शिरले, खांद्यावरून पट्टे घेतले आणि मधलं बक्कल खट्कन लावलं. लेकरांना उघडू नये म्हणूनच ते बक्कल केलेलं असतं. ते आबांनाही उघडेना.

मी संध्याकाळी घरी आलो तर आबा पट्ट्यात बांधलेले, समोर गावाकडचे दोन पाहुणे चहा पीत बसलेले, आणि सोयाबीनच्या भावावर गंभीर चर्चा चाललेली. पाहुण्यांना वाटलं, डॉक्टरनं सांगितलं असेल. मी ओढाओढ केली, मलाही बक्कल उघडेना. शेवटी ओवी शेजारून आली आणि तिनं एका बोटानं बक्कल उघडलं. आबा उठून उभे राहिले आणि म्हणाले, "टोचत न्हाई."

०

आता गाडी बघायला कोण? आमच्या शेजारी रशीदचाचा राहतात. त्यांचे आजोबा टांग्याच्या गाद्या शिवायचे, वडील जीपच्या, चाचा गाड्यांचे सीटकव्हर शिवतात. तीन पिढ्या माणसाच्या बुडाखाली काय असतं याचा अभ्यास. चाचांनी टेप लावून खुर्चीची रुंदी मोजली, मग दर वेळी शोरूमला तीन खुर्च्या कुठं वागवायच्या म्हणून इकडंतिकडं बघितलं. अंगणात आमचं बांधकामाचं घमेलं पडलं होतं. टेप लावला. बरोब्बर खुर्चीएवढं!

झालं. दुसऱ्या दिवसापासून आम्ही नांदेडच्या एकेका शोरूमला तीन घमेली घेऊन जायला लागलो. पुढं आबा, मागं चाचा, मधे मी, प्रत्येकाच्या हातात एक. पहिल्याच ठिकाणी वॉचमननं अडवलं आणि बांधकाम मागच्या बाजूला चाललंय म्हणून सांगितलं. आबा खरोखर मागं गेले, तिथं मुकादमाला स्लॅबबद्दल चार सूचना देऊन आले.

आतमध्ये पवन नावाचा सेल्समन होता. गळ्यात टाय, लातूरचा, नवीन लागलेला. त्यानं पाच सीटची गाडी दाखवली. चाचांनी मागच्या सीटवर घमेली मांडली. दोन बसली, तिसरं दारातून बाहेर. चाचा म्हणाले, "देखनेकू बडी है मास्तर, बैठनेकू कंजूस."

पवन हार मानणारा नव्हता. त्यानं सांगितलं की दोन घमेली आरामात बसतात, तिसरं डिक्कीत जाईल. त्या दिवशी वैशाली बरोबर होती.

"तिसऱ्याचं नाव राघव हाय," ती म्हणाली.

पवननं टाय सैल केला. त्या दिवसापासून तो आमच्या घरातलाच झाला.

०

पुढच्या आठवड्यात दुसऱ्या एका शोरूममध्ये चमत्कार झाला. तशीच पाच सीटची गाडी, पण तिन्ही घमेली ओळीनं बसली आणि दारंही लागली. आबांना इतका आनंद झाला की त्यांनी शोरूमच्या पायरीवरच नारळ फोडला. नारळ ते रोजच पिशवीत घेऊन निघायचे, कधी गाडी पसंत पडेल सांगता येत नाही म्हणून. वैशालीनं तिथंच उभं राहून आईला फोन लावला, रविवारी येते म्हणून.

मी फक्त एकदा खऱ्या खुर्च्या लावून बघू म्हटलं. रिक्षानं खुर्च्या आणल्या. पहिली बसली. दुसरी बसली. तिसरी काही केल्या बसेना. आम्ही ढकललं, चाचांनी गुडघा लावला, शोरूमचा मॅनेजर येऊन ढकलून गेला. मग चाचांनी पुन्हा घमेली मांडली आणि कपाळाला हात लावला. घमेल्याचा काठ पसरट असतो, मधल्या घमेल्याचे काठ दोन्हीकडच्या घमेल्यांवर चढून बसले होते. लेकरांच्या खुर्च्या अशा एकमेकींवर चढत नाहीत.

वैशालीनं आईला परत फोन केला. काय बोलली ते मी ऐकलं नाही, लांब जाऊन उभा राहिलो. वाईट वाटलं मला. एवढं शिकून आपण बायकोचं माहेर घमेल्यानं मोजलं.

०

मधेच हदगावहून कौसाआत्या आल्या. आत्या म्हणजे आबांची थोरली बहीण. खुर्च्या बघून त्यांनी विचारलं, "आईची मांडी काय आता भाड्यानं द्यायची हाय का?"

मग त्यांनी सांगितलं की त्यांनी सहा लेकरं बैलगाडीतून माहेरी आणली-नेली, कुणाला पट्टा बांधला नाही. वैशालीनं विचारलं, कधी कुणी पडलं नाही का?

"एकच पडलं," आत्या म्हणाल्या. "तेबी मागच्या गाडीवाल्यानं आणून दिलं."

ते पडलेलं लेकरू म्हणजे आमचे नारायणदादा. आज हदगावात कापसाचे मोठे व्यापारी आहेत. आत्यांच्या मते पडल्यामुळेच.

०

शेवटी पवनच म्हणाला की सर, सात सीटची बघा. टेस्ट ड्राइव्हला गाडी दारात घेऊन आला. आमच्याकडं टेस्ट ड्राइव्ह म्हणजे एकट्यानं चक्कर मारणं नव्हे. मुलगी बघायला जसं सगळं घर जातं, तसंच गाडी बघायलाही जातं. मी, आबा, आई, वैशाली, तिन्ही लेकरं आणि आत्या, त्यात पवन. लेकरं मांडीवर नकोत म्हणून वैशाली तिघांना घेऊन खाली उतरली आणि फाटकात उभी राहिली. आमची गाडी गल्लीच्या तोंडाशी गेल्यावर आत्या म्हणाल्या, निघालातच आहात तर मला घरी सोडा.

घर म्हणजे साठ-सत्तर किलोमीटरवरचं हदगाव!

शोरूममधून पवनला तीनदा फोन आला, तीनदा त्यानं सांगितलं, "कस्टमर अजून बघून राहिलेत." हदगावात आत्यांनी पिठलं-भाकरी केली, नारायणदादांनी गाडीभोवती फेरी मारली, गल्लीतल्या चार जणांनी चालवून बघितली. आम्ही दिवस मावळताना परत आलो तेव्हा टायमधल्या पवनच्या मांडीवर हरभऱ्याच्या ढाळ्यांची पेंढी होती आणि त्याला झोप लागली होती.

गाडी मात्र पसंत पडली. मधल्या ओळीत तिन्ही खुर्च्या बसल्या, घमेली नव्हे, खऱ्या. वैशालीनं एकेक पट्टा ओढून बघितला, पुन्हा ओढून बघितला, आणि त्या महिन्यात पहिल्यांदा हसली.

०

आता शेवटचं. गाडी दारात आली, हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली. तिन्ही लेकरं मधल्या ओळीत पट्ट्यात बसली. स्टिअरिंगवर मी, पुढं आबा. मागच्या ओळीत आई आणि वैशाली, आणि निघायचं थेट जळकोटला. निरोप द्यायला सगळी गल्ली जमलेली. हदगावहून आत्या आलेल्या, चाचा होते, पवनही होता.

आणि तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं की मागच्या ओळीत जायला वाटच नाही. मागं जायचं तर मधली सीट दुमडावी लागते, आणि तिच्यावर खुर्च्या बांधलेल्या. एवढे महिने सगळं मोजलं, पण आत शिरायचं कसं हे कुणी बघितलंच नव्हतं. पवन हळू आवाजात म्हणाला, एकच उपाय आहे, डिक्कीतून चढायचं. मागच्या सीटची पाठ आडवी करायची आणि तिच्यावरून सरकत आत जायचं. त्यानं पाठ आडवी करूनही दाखवली.

आई त्या दिवशी इरकल नेसली होती, नथ घातली होती. सत्तरीची बाई, सासू, आणि नव्या गाडीत डिक्कीतून चढणार? आत्या म्हणाल्या, "सुनेच्या खुर्च्या दारातून अन् सासू डिक्कीतून? आमच्या घराण्यात असं झालं न्हाई." पुढं बसलेल्या आबांनी फोडायला काढलेला नारळ परत पिशवीत टाकला. चाचांनी सुचवलं की एकच खुर्ची काढू, कडेची. आई दारातून जाईल, राघवला मांडीवर घेईल, जळकोटपर्यंतच तर जायचंय. सगळ्यांना पटलं. खरं सांगतो, मलाही पटलं. मी राघवच्या खुर्चीच्या पट्ट्याला हात घातला.

वैशाली घराच्या दारात उभी होती. ती भांडली नाही, रडली नाही. तिनं फक्त खांद्यावरची पर्स काढून पायरीवर ठेवली, म्हणजे ती येणार नव्हती.

तेवढ्यात मागून धप्प आवाज आला. वळून बघितलं तर आईच्या चपला रस्त्यावर, नीट जोडून ठेवलेल्या. आई इरकल गुडघ्यापर्यंत खोचून, नथ सावरत, डिक्कीत चार पायांवर होती. पवन मदतीला धावला, तिनं त्याला हातानंच बाजूला सारलं. सीटच्या पाठीवरून सरकत ती आत गेली, बसली, पदर नीट केला, आणि तिथूनच हात लांब करून वैशालीला म्हणाली, "चल गं. तुझी आई वाट बघून राहिली."

वैशाली चढली. मी डिक्कीपाशी येऊन उभा राहिलो.

आईनं सगळ्या गल्लीकडं एकदा बघितलं, मग माझ्याकडं.

"उभा काय राहिलास? झाकण लाव."